शास्त्रीय माहिती आणि खुणांची भाषा

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा अभ्यासलेख द्यावा, असा चिटणीसांचा निरोप आला त्या वेळी आमच्या टेबलावर एक जुनी, कडा झिजलेली हस्तपुस्तिका उघडी पडली होती. गेले वर्षभर त्या पुस्तिकेने आम्हांला बरेच काही शिकवले. तेच वाचकांपुढे मांडावे असे वाटले. विषय थोडा तांत्रिक आहे. परंतु ज्यांना स्वयंपाकघरातले डबे चिठ्ठी वाचून ओळखता येतात त्यांना तो समजण्यास अडचण पडू नये.

आपल्या वसतिगृहातील जी मुले आय.टी.आय.मध्ये वायरमन, फिटर इत्यादी धंदे शिकावयास जात, त्यांच्या उपयोगासाठी अभ्यासमंडळाने १९९८ साली ही पुस्तिका काढली होती. तीतील मजकूर बहुतेक सर्व एका निवृत्त वायरमनचा. सगळे त्यांना काका म्हणत. काका बोलत जात आणि आमच्यासारखे दोघे-तिघे लिहून घेत. तारांची कोष्टके, मोटरींची जोडणी, अर्थिंगचे नियम, आणि वडोदऱ्याच्या कारखान्यांतील तीस वर्षांचा अनुभव असे तिचे स्वरूप होते. काका आता नाहीत.

गेल्या वर्षी नवी आवृत्ती काढण्याचे ठरले. छापील प्रती तीन-चारच उरल्या होत्या, पण संगणकावरील मूळ फाईल एका सीडीवर जपून ठेवलेली होती. ती उघडली तो काय, पडद्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरे, कंस आणि प्रश्नचिन्हे यांची खिचडी! त्या काळातील मराठी फाँटांत देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. आपल्याला पडद्यावर 'क' दिसे. यंत्राच्या लेखी मात्र ते कुठले तरी रोमन अक्षरच असे, फक्त देवनागरीचे सोंग घेतलेले. फाँट नाहीसा झाला की सोंग उतरले. युनिकोड या प्रमाणाने, ज्याचा पहिला भाग १९९१ साली प्रसिद्ध झाला, प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक दिला. 'क'चा क्रमांक २३२५, तो जगातील कोणत्याही यंत्रावर तोच. मंडळातील एका तरुणाने जुनी अक्षरे युनिकोडमध्ये उतरवणारा छोटासा प्रोग्राम लिहिला, आणि पंधरा दिवसांत पुस्तिका पुन्हा वाचता येऊ लागली. आम्ही समाधानाने पाने छापून मुलांच्या हाती मुद्रितशोधनासाठी दिली.

तिसऱ्या दिवशी एक मुलगा पान घेऊन आला.

"सर, इथं लिहिलंय की मोटरच्या इन्सुलेशनचा रोध किमान १०६ ओहम असावा."

"मग?"

"आमच्या वर्कशॉपमध्ये मेगरवर एक मेगओहम दिसल्याशिवाय मोटरला लाईन देऊ देत नाहीत. १०६ ओहम म्हणजे तर गेलेली मोटर."

आम्ही छापील प्रत काढून पाहिली. तेथे दहाच्या खांद्यावर बारीक सहा होता. दहाचा सहावा घात, म्हणजे दहा लाख ओहम, म्हणजेच एक मेगओहम. रूपांतर करताना तो बारीक सहा खाली उतरून दहाच्या शेजारी येऊन बसला होता. शुद्धलेखनाची चूक नाही, वाक्य निर्दोष, आकडाही ठसठशीत! आमच्यासारख्या भाषेच्या मास्तराने ते पान शंभर वेळा वाचले असते तरी पुढे धाडले असते. २३० व्होल्टला दहा लाख ओहमने भागले तर इन्सुलेशनमधून निसटणारा प्रवाह पाव मिलिअँपिअरहूनही कमी येतो. १०६ने भागले तर तो दोन अँपिअरच्या वर जातो. माणसाला एक मिलिअँपिअरच्या आसपास झिणझिण्या जाणवू लागतात आणि काही दशक मिलिअँपिअर त्याचा प्राण घेऊ शकतात. शरीराचा स्वतःचा रोध मध्ये येत असल्याने सगळा प्रवाह माणसातून जाईल असे नाही, हे खरे. तथापि अशा मोटरीला हात लावणाऱ्या मुलाला तेवढ्याच भरवशावर सोडावे काय? पुस्तिकेवर ट्रस्टचे नाव होते, आणि आत मुद्रितशोधक म्हणून आमचे.

हे घडले कसे, याचा विचार करू लागलो तेव्हा उमगले की जुन्या फाईलमध्ये 'हा घात आहे' असे कोठेच लिहिलेले नव्हते. 'हा अंक लहान काढ आणि थोडा वर सरकव' एवढीच यंत्राला आज्ञा होती. आज्ञा विसरली गेली, आणि तिच्याबरोबर अर्थही गेला. संपूर्ण पुस्तिकेची तीच स्थिती होती. धोक्याच्या सूचना जाड ठशात होत्या, प्रकरणांची शीर्षकेही जाड ठशात होती आणि काकांना ज्या शब्दावर जोर द्यावासा वाटला तोही जाड ठशात. छापील पानावर माणसाचा डोळा यातला फरक ओळखतो. यंत्र ओळखत नाही, आणि दहा वर्षांनंतर येणारा परका माणूसही ओळखीलच असे नाही.

मजकूर 'कसा दिसावा' आणि तो 'काय आहे' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, हा विचार छापखान्यांच्याच जगातून आला. पूर्वी संपादक हस्तलिखिताच्या समासात पेन्सिलीने खुणा करी: हे शीर्षक, हे तिरप्या टाइपात, येथे ओळ सोडा. कंपोझिटर त्या खुणांवरून खिळे जुळवी. १९६७ साली विल्यम टनिक्लिफ या अमेरिकन गृहस्थांनी कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयातील एका सभेत असे प्रतिपादन केले की, दस्तऐवजातील माहिती आणि तिचे रूप यांची फारकत केली पाहिजे. १९६९ साली आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी या तिघांनी तशी एक खूणभाषा तयार केली. तिचे नाव जीएमएल; ही तिघांच्या आडनावांची आद्याक्षरेही होत, हा योगायोग मुळीच नव्हे! गोल्डफार्ब मुळात वकील होते, आणि कायद्याच्या कचेऱ्यांतील कागदपत्रे एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे जाताना बिघडतात, ही त्यांच्यापुढची अडचण होती. म्हणजे आमचीच अडचण, तीस वर्षे आधीची. या भाषेतून पुढे एसजीएमएल निघाली व १९८६ साली ती आंतरराष्ट्रीय प्रमाण, क्रमांक ८८७९, म्हणून मान्य झाली. ती समर्थ होती, पण इतकी पसरट की तिचे सगळे नियम पाळणारा प्रोग्राम लिहिणे हेच एक मोठे काम होई. तेव्हा जॉन बोसाक यांच्या अध्यक्षतेखालील एका गटाने तिची छाटणी केली आणि १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल, म्हणजे विस्तारक्षम खूणभाषा, प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. आमची पुस्तिका त्याच साली टाइप होत होती. परंतु आम्हांला कोण सांगणार?

आता ही भाषा प्रत्यक्ष कशी दिसते ते पाहू. काकांची ती नोंद आम्ही अशी लिहिली:

<नोंद>
<विषय>मोटरच्या इन्सुलेशनचा रोध</विषय>
<मोजमाप मर्यादा="किमान" एकक="मेगओहम">१</मोजमाप>
<साधन व्होल्ट="५००">मेगर</साधन>
</नोंद>

यात जादू काहीच नाही. एका घरात मीठ आणि पिठीसाखर सारख्याच दोन डब्यांत भरलेली असली तर गृहिणी काय करते? डब्यावर चिठ्ठी लावते. टोकदार कंसांतील शब्द म्हणजे त्या चिठ्ठ्या. पहिली चिठ्ठी डबा उघडते आणि आडवी तिरपी रेघ असलेली दुसरी चिठ्ठी तो बंद करते. मोठ्या डब्यात लहान डबा ठेवता येतो, परंतु लहान डबा आत बंद झाल्याशिवाय मोठा बंद करता येत नाही. चिठ्ठीवरच जो आणखी तपशील लिहिलेला आहे, 'एकक' किंवा 'मर्यादा' यांसारखा, त्याला गुणविशेष म्हणता येईल. चिठ्ठ्यांची नावे आपणच ठरवावयाची, आणि ती देवनागरीतही चालतात. एक्सएमएलने युनिकोडचा पाया पहिल्यापासूनच घेतला असल्यामुळे हे शक्य झाले. एक कबुली येथेच देऊन टाकतो: अंकांच्या बाबतीत मात्र यंत्राने आम्हांला दाद दिली नाही. 'येथे संख्या हवी' असा नियम लावला की ते इंग्रजी वळणाचेच अंक मागते; देवनागरी अंकांना ते संख्या मानीत नाही. तेव्हा फाईलमध्ये इंग्रजी अंक ठेवून छापताना ते देवनागरी करून घेण्याची तडजोड आम्ही केली. येथे दिलेला नमुना छापील रूपातला आहे.

येथे दोन पायऱ्या आहेत, आणि विद्यार्थ्यांची गल्लत नेहमी त्यांतच होते. पहिली पायरी सुघटितपणाची. उघडलेला प्रत्येक डबा बंद झालाच पाहिजे. एक जरी उघडा राहिला तरी वाचणारा प्रोग्राम 'पुढे जात नाही' म्हणून तेथेच थांबतो, अंदाजाने गाडी हाकत नाही. प्रथम हा हटवादीपणा जाचक वाटतो. आमचेच पहिले दोन दिवस त्याच्याशी भांडण्यात गेले. दुसरी पायरी ग्राह्यतेची. वाक्य व्याकरणशुद्ध असूनही अर्ज अपुरा असू शकतो, कारण तारीख घालावयाची राहिलेली असते. तसेच 'प्रत्येक मोजमापाला एकक असलेच पाहिजे', 'धोक्याची सूचना कृतीच्या आधीच आली पाहिजे', असे नियम एका वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवता येतात, आणि प्रत्येक नोंद त्यांवर घासून पाहता येते. या नियमावलीला स्कीमा म्हणतात. आमच्या मते एक्सएमएलचा खरा कस येथे आहे. चिठ्ठ्या कोणीही लावील. परंतु कोणत्या चिठ्ठ्या अनिवार्य, हे चार माणसांनी बसून ठरवावे लागते.

एकक लिहिले नाही तर काय होते, याचे उदाहरण फार मोठ्या माणसांनी घालून दिले आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेने डिसेंबर १९९८मध्ये मंगळाच्या हवामानाचा अभ्यास करण्यासाठी एक यान सोडले. नऊ महिने ते बिनतक्रार गेले. वाटेत लहान इंजिने चालवून त्याचा तोल सांभाळावा लागे, आणि त्या धक्क्यांचा हिशेब जमिनीवरील एक प्रोग्राम करून दुसऱ्याला देई. पहिला तो हिशेब पौंड-सेकंदांत देत होता, दुसरा तो न्यूटन-सेकंद समजून घेत होता. दोहोंत सुमारे साडेचार पटींचा फरक. कराराप्रमाणे न्यूटनच द्यावयाचे होते, पण फाईलमध्ये नुसते आकडे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळापासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जावयाचे ते चौकशी मंडळाच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सत्तावन्न किलोमीटरवरून गेले आणि नष्ट झाले. त्यांच्याकडे एक्सएमएल असते तर यान वाचले असते, असे आम्ही म्हणणार नाही. एककाचा नियम कागदावर त्यांच्याकडेही होता. मात्र तो नियम प्रत्येक आकड्याच्या अंगाला बांधलेला नव्हता, आणि तपासणारे कोणी दारात बसलेले नव्हते.

दुसरे उदाहरण आमच्या अधिक जवळचे. काकांच्या तारांच्या कोष्टकात ३/२२, ७/२० असे आकडे होते. जुने वायरमन हे सहज वाचतात: बावीस गेजच्या तीन तारा पिळलेली केबल, वीस गेजच्या सात तारा पिळलेली केबल. नव्या आवृत्तीसाठी एका मुलीने हे कोष्टक संगणकाच्या तक्त्यात भरले आणि दुसऱ्या दिवशी पाहते तो ३/२२च्या जागी मार्च महिना आणि ७/२०च्या जागी जुलै! यंत्राला वाटले या तारखाच आहेत. मुलगी बिचारी रडकुंडीस आली. तिला आम्ही सांगितले की, ही फजिती जगातल्या नामांकित शास्त्रज्ञांचीही झालेली आहे. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावे इंग्रजी महिन्यांच्या नावांसारखी होती, आणि तक्त्याच्या प्रोग्रामने त्यांच्या तारखा करून टाकल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, ज्या शोधनिबंधांना जनुकांच्या यादीचे असे तक्ते जोडलेले होते त्यांपैकी सुमारे एक-पंचमांशांत असल्या चुका होत्या. अखेर २०२०मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. प्रोग्रामपुढे शास्त्राने हात टेकले, असेच म्हणावयाचे! चिठ्ठीवर 'केबल, तारा ३, गेज २२' असे लिहिले असते तर तारखेचा प्रश्नच उद्भवला नसता. आता आम्ही तसेच लिहितो.

निरनिराळ्या शास्त्रांनी आपापल्या चिठ्ठ्यांची नावे एकमताने ठरवून ठेवली आहेत, आणि 'एक्सएमएल प्रमाणे' म्हणतात ती हीच. गणिताची मॅथएमएल एप्रिल १९९८मध्येच आली. तिच्यात दिसण्याच्या खुणा वेगळ्या आणि अर्थाच्या खुणा वेगळ्या अशी दोन दालने आहेत. हे का हवे, ते त्रिकोणमिती शिकवणाऱ्या कोणालाही विचारा. साइनच्या डोक्यावर लहान दोन लिहिले तर त्याचा वर्ग होतो, पण तेथेच लहान उणे एक लिहिले तर तो व्यस्तांक नसून व्यस्त फल असते. दरवर्षी अर्धा वर्ग यात चुकतो, आणि दोष मुलांचा नाही. दिसणे सारखे, अर्थ निराळा. रसायनशास्त्रासाठी इंग्लंडातील पीटर मरे-रस्ट आणि हेन्री झेपा यांनी अणू कोणते व त्यांच्यामधील बंध कोणते, हे सांगणारी सीएमएल ही खूणभाषा तयार केली. त्यामुळे रेणूचे चित्र हे केवळ चित्र न राहता त्यात शोध घेता येऊ लागला. विमानदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी युरोपातील विमान-उद्योगाने एस-१०००डी हे प्रमाण घडवले. त्यात प्रत्येक कामाची माहिती स्वतंत्र तुकड्यात असते. एक तुकडा सुधारला की तो जेथे जेथे वापरला आहे तेथे तेथे सुधारलेलाच येतो. आमच्या पुस्तिकेत 'मेन स्विच बंद करा' ही सूचना सहा ठिकाणी सहा प्रकारांनी लिहिलेली सापडली, त्यावरून याचे मोल कळावे.

वैद्यकीय संशोधनाच्या नियतकालिकांचे प्रमाण थोडे अधिक सांगण्यासारखे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने २००० साली पबमेड सेंट्रल हे सर्वांना खुले असलेले लेखभांडार सुरू केले. निरनिराळ्या प्रकाशकांकडून येणारे लेख एका रूपात आणण्यासाठी २००३ साली त्यांनी खुणांचा एक संच प्रसिद्ध केला. तोच पुढे वाढून २०१२मध्ये जॅट्स या नावाने अमेरिकेचे राष्ट्रीय प्रमाण झाला. त्यात लेखाचे शीर्षक, सारांश, आकृत्या, संदर्भ, अनुदान देणारी संस्था, सगळ्यांना आपापल्या चिठ्ठ्या आहेत. लेखकाचे नाव कसे लिहावे याचीही सोय आहे, आणि ती पाहून आम्हांला विशेष बरे वाटले. आमच्या समाजात पुष्कळांना आडनाव नसते. दोन-तीन शब्द मिळून एकच नाव होते. फॉर्मातील आडनावाचा रकाना रिकामा राहिला म्हणून कितीदा कारकुनांनी आमच्या वडिलांचे नाव आमच्या आडनावाच्या जागी ढकलले आहे, त्याची गणती नाही. जॅट्समध्ये 'या व्यक्तीला फक्त दिलेले नाव आहे' असे सांगणारा पर्याय मुळातच ठेवलेला आहे. खुणांचा संच ठरवताना ज्यांच्या माहितीला त्या लागणार, त्यांचा विचार कोणी केला आणि कोणी केला नाही, हे अशा बारीक जागी दिसून येते.

वडोदऱ्याच्या वाचकांना ही कल्पना अगदी परकी वाटू नये. कलाभवन येथे १८९०मध्ये स्थापन झाले तेव्हापासून धंदेशिक्षण मातृभाषेत कसे द्यावे हा प्रश्न या शहरापुढे आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, १९३१ साली, राज्यकारभारातील शब्दांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश निघाला. त्यात एकेका कल्पनेसाठी आठ भाषांतील शब्द शेजारीशेजारी मांडलेले आहेत. आज परिभाषाकोशांसाठी टीबीएक्स नावाचे एक्सएमएल प्रमाण आहे. २००८ साली ते आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. त्याचा गाभा हाच: नोंद शब्दाची नव्हे, कल्पनेची करावयाची, आणि तिच्या पोटात प्रत्येक भाषेतील शब्द भाषेच्या चिठ्ठीसह ठेवावयाचे. आमच्या मुलांना याची रोजची गरज आहे. शाळेत ती 'रोध' शिकतात, गुजराती पुस्तकात त्याला 'अवरोध' म्हणतात, हिंदीत 'प्रतिरोध', आणि आमच्या घरी उर्दू पुस्तकातून शिकलेले चुलते 'मुजाहमत' म्हणत. चारही शब्द एकाच डब्यात असले म्हणजे मुलाला ते चार विषय वाटत नाहीत.

कोणी म्हणेल, आम्ही तर साध्या वर्ड प्रोसेसरवर लिहितो, आम्हांला याच्याशी काय कर्तव्य? गंमत अशी की, आपण जी 'डॉक्स' फाईल रोज जतन करतो ती आतून एक्सएमएलच असते. अनेक छोट्या फाईली एका गाठोड्यात बांधलेल्या. २००६ साली त्या रूपाचे प्रमाण प्रसिद्ध झाले व २००८मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पण म्हणून आपली माहिती सुरक्षित झाली असे समजू नये. शीर्षक निवडून नुसते जाड आणि मोठे केले तर त्या गाठोड्यातही 'जाड, मोठे' एवढेच लिहिले जाते. 'शीर्षक १' ही शैली लावली तरच 'हे शीर्षक आहे' असे लिहिले जाते. इतर काही नाही तरी एवढी सवय आमच्या शाळेतील मुलांना आम्ही लावतो.

या पद्धतीचे दोषही सांगितले पाहिजेत. एक्सएमएल फार बोलघेवडी आहे. एका अंकाला चार शब्दांचा वेष्टनखर्च पडतो, आणि तो तिच्या कर्त्यांनी जाणूनबुजून पत्करलेला आहे. थोडक्यात लिहिणे हे आमचे उद्दिष्ट नव्हे, असे प्रमाणातच म्हटले आहे. दुर्बिणीतून किंवा हवामानकेंद्रातून येणाऱ्या कोट्यवधी आकड्यांसाठी ती वापरणे म्हणजे गव्हाच्या एकेका दाण्याला चिठ्ठी लावणे होय. त्यासाठी वेगळी रूपे आहेत. एका प्रोग्रामने दुसऱ्याला झटपट माहिती द्यावयाची असेल तर हल्ली जेसॉन हे सुटसुटीत रूप अधिक चालते. जेथे लांब मजकूर आहे, त्यात सूत्रे, कोष्टके, सूचना मिसळलेल्या आहेत आणि तो पुष्कळ वर्षे टिकवावयाचा आहे, तेथे एक्सएमएल आजही आपली जागा धरून आहे. आणि तिच्या बाजूने एक गोष्ट अशी की, तिची फाईल कोणत्याही साध्या संपादकात उघडून माणसाला डोळ्यांनी वाचता येते. आमच्या सीडीवरील जुन्या फाईलबद्दल असे म्हणता आले नाही.

आता पुस्तिकेची हकीकत पुरी करतो. मंडळातील तीन मुले आणि ती तक्तेवाली मुलगी यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत सर्व नोंदी छापील प्रतीवरून ताडून नव्या रूपात आणल्या. 'एककावाचून मोजमाप नाही' हा नियम लावून प्रथम तपासणी केली त्या दिवशी यंत्राने इतके आक्षेप काढले की मुले हिरमुसली. त्यांतील काही चुका भरणाऱ्यांच्या होत्या. परंतु पुष्कळशा जागी मूळ पुस्तिकेतच एकक नव्हते. काकांनी सांगितले, आम्ही लिहून घेतले, आणि 'हे काय, मिलिमीटर की गेज?' असे विचारण्याचे कोणाला सुचले नाही. त्यांच्या पिढीला ते विचारावे लागतच नसे. यंत्राच्या हटवादीपणाबद्दल आमचे मत त्या दिवशी पालटले.

बहुतेक जागा आम्ही निवृत्त वायरमनांना विचारून भरून काढल्या. एक मात्र राहिली आहे. अर्थिंगच्या प्रकरणात 'मोटरला ८, घराला १४' असे एकच वाक्य आहे. दोघांच्या मते हे तारेचे गेज आहे: आठ गेज म्हणजे सुमारे चार मिलिमीटर जाडीची तार आणि चौदा गेज म्हणजे सुमारे दोन मिलिमीटरची, कारण गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते. तिसऱ्यांच्या मते ८ ही पाइपाची फुटांतील लांबी असून १४ कशाचे ते सांगता येत नाही. गेज म्हणावे तर वाक्य जुळते. तरीही केवळ जुळते म्हणून ते छापावे, असे आमच्या मनास पटले नाही. म्हणून त्या नोंदीवर 'स्थिती' या गुणविशेषात 'संशयित' असे लिहून ठेवले आहे, आणि जोवर तो शब्द आहे तोवर ती नोंद छापावयाच्या प्रतीत उतरत नाही. बाकीची पुस्तिका तयार आहे. तिची एक प्रत ट्रस्टच्या वाचनालयातील संगणकावर, एक मंडळाच्या चिटणीसांपाशी आणि एक कागदावर छापून कपाटात आहे. २०००च्या आधी वसतिगृहात राहून जे काकांकडे शिकले, त्यांच्यापैकी कोणापाशी त्या धड्याची वही, किंवा वहीचे एखादे पान, असेल तर त्यांनी ते वाचनालयात आणून दाखवावे. रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही तेथे असतो.